पिशवी परत गढूळ आली? पोटाच्या डायलिसिसमध्ये इन्फेक्शन कुठून शिरतंय ते शोधताना

मी पेरिटोनियल डायलिसिसची, म्हणजे नळीने पोटात पिशवीतलं पाणी भरून आणि काढून होणाऱ्या डायलिसिसची, सिस्टर. पेशंटला आणि घरच्यांना पिशवी बदलायला शिकवायचं आणि नंतर अधूनमधून घरी जाऊन ते नीट चाललंय का बघायचं, हे माझं चौदा वर्षांचं काम. कुणी त्याला सीएपीडी म्हणतं, कुणी पोटाचं डायलिसिस. माण तालुक्यातल्या एक आजी नुसतं "पाणी घालायचं-काढायचं" म्हणायच्या. नाव काहीही असो, रात्रीबेरात्री येणारा फोन एकच असतो: "सिस्टर, पाणी गढूळ आलंय." आणि त्यातल्या बऱ्याच फोनांत पुढचा शब्द असतो, "परत".

पहिल्यांदा झालं तर औषध घेऊन पुढे जाता येतं. पण एकाच माणसाला वर्षात दोनदा-तीनदा झालं, तर जंतूला आत यायची वाट कुठेतरी उघडी आहे. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, म्हणजे आयएसपीडीची, २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की एखाद्या केंद्रात दर पेशंटमागे वर्षाला सरासरी ०.४० पेक्षा जास्त वेळा पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन, व्हायला नको. साध्या हिशेबात, अडीच वर्षांतून एकदा. अँटिबायोटिकने आतले जंतू मरतात, वाट बुजत नाही. हे लिखाण त्या वाटेबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. खालची तपासणी पाणी स्वच्छ येत असताना करायची आहे, किंवा उपचार सुरू झाल्यावर. आत्ता तुमच्या हातात गढूळ पिशवी असेल तर फक्त पुढचे दोन भाग वाचा आणि युनिटला फोन लावा. टॉवेल, पंखा, मांजर सगळं उद्या बघू.

लक्षणं

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गढूळ पाणी. नेहमीचं निघालेलं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं असतं. भरलेली पिशवी उजेडात धरा आणि तिच्यामागे भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान धरा. तिथीखालची बारीक अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. अक्षरं तांदळाच्या धुवणातून बघितल्यासारखी पुसट दिसली तर गढूळ. हे दर पिशवीला करायचं, एकही न चुकता. मशीनवर रात्रभर डायलिसिस करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते: निघालेलं पाणी थेट नळीने संडासात सोडतात आणि कुणी बघतच नाही. शिवाय मशीनवर पाणी पोटात थोडाच वेळ राहतं, त्यामुळे इन्फेक्शन असूनही ते फारसं गढूळ दिसत नाही. नळी संडासात सोडत असाल तर त्याआधी थोडं पाणी बघायला घ्या. कसं घ्यायचं ते युनिटकडून शिकून घ्या.

दुसरं, पोट दुखणं. कधी नुसती कळ, कधी हात लावू देत नाहीत इतकं. काही जणांचं पोट आधी दुखतं आणि पाणी पुढच्या पिशवीला गढूळ येतं. म्हणून "दुखतंय, पण पाणी साफ आहे" यावर निवांत राहू नका. ताप येईलच असं नाही. "ताप नव्हता म्हणून थांबलो" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता शिकवताना पहिल्याच दिवशी वहीत लिहायला लावते. मळमळ, उलटी, जुलाब, थंडी वाजणं, पाण्यात पांढरे धागे, पाणी निघायला (ड्रेनला) नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणं, हेही त्याच घरातलं.

नळी जिथून बाहेर येते त्या जागेची, म्हणजे एक्झिट साइटची, लक्षणं वेगळी. पू, लाली, सूज, दुखणं, कपड्याला पिवळा डाग. आणि त्वचेखालून नळी जिथून गेली आहे त्या रेषेवर बोट फिरवल्यावर दुखलं किंवा कडक लागलं, तर इन्फेक्शन बोगद्यात गेलं असण्याची शक्यता आहे. पाणी साफ असलं तरी ही वाट पोटाकडेच जाते.

गढूळ दिसलं की

पिशवी ओतून टाकायची नाही. क्लॅम्प बंद, पिशवीवर तारीख आणि वेळ, आणि अख्खी पिशवी सोबत न्यायची. एका काकांनी धुतलेल्या लोणच्याच्या बरणीत दोन चमचे पाणी आणलं होतं. त्यात जे उगवलं असतं ते पोटातलं की बरणीतलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पोचायला उशीर लागणार असेल तर तोवर पिशवी कुठे ठेवायची ते फोनवर विचारा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर नकोच.

मेडिकलमधून गोळी आणून घ्यायची नाही. घरात मागच्या वेळच्या उरल्या असल्या तरी नाही. नमुना देण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काही उगवत नाही, आणि मग डॉक्टरांना अंधारात बाण मारावा लागतो.

त्याच दिवशी पोचायचं. रात्री दोनला दिसलं तर फोन रात्री दोनलाच. पुढची पिशवी भरायची की नाही हेही फोनवरच विचारायचं. तासातासाने फरक पडतो. पोटाच्या आतलं अस्तर हेच तुमचं डायलिसिसचं मशीन आहे, आणि प्रत्येक पेरिटोनायटिस त्याला थोडं जून करून जातो.

गढूळ पाण्याची कारणं इन्फेक्शनशिवायही असतात, हे खरं. पाळीच्या दिवसांत बायकांचं पाणी गुलाबी येऊ शकतं. बीपीच्या काही गोळ्यांनी दुधासारखं पांढरं येतं. नळी नुकतीच बसवली असेल तर ॲलर्जीच्या पेशींनीही गढूळपणा येतो. पण हे घरी ठरवायचं नाही. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजून प्रयोगशाळा ठरवते: निदान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्यात एका मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या, हे इन्फेक्शनच्या बाजूचं माप.

तिथे गेल्यावर एक प्रश्न नक्की विचारा: "नमुना ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलात का?" लहान गावांत साध्या डबीत पाणी घेतात आणि तीन दिवसांनी "नो ग्रोथ" असा कागद येतो. ब्लड कल्चरच्या बाटलीत ५ ते १० मिलि पाणी घातलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. कुणाला राग आला तर येऊ दे. त्या कागदावर जंतूचं नाव आलं नाही, तर पुढची सगळी शोधाशोध चाचपडत होते.

कागदावरचं नाव आणि वाट

तपासणीला बसण्याआधी मागच्या प्रत्येक वेळचा कल्चर रिपोर्ट समोर घ्या. फाइलमध्ये नसेल तर युनिटकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नाव वाचून मी साधारण असा अंदाज बांधते.

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, किंवा नुसतं "कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ" असं लिहिलेलं असेल, तर हा कातडीवरचा रहिवासी. म्हणजे बहुतेक हात लागला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर नाक, एक्झिट साइट, बोगदा. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर हातासोबत तोंड आणि दातही तपासा. ई. कोलाय, क्लेबसिएला हे आतड्याचे. स्यूडोमोनास ओलाव्यात वाढतो, तो दिसला की मी आधी एक्झिट साइट आणि पाण्याच्या सवयी बघते. एकाच नमुन्यात आतड्यातले दोन-तीन जंतू एकदम आले तर घरची तपासणी बंद: आतड्याला भोक पडलेलं नाही ना, हे सर्जनने बघायचं. बुरशी आली तरी तसंच, नळी काढावीच लागते.

नाव ठाऊक असेल तर खालच्या यादीत कुठे जास्त वेळ घालवायचा ते कळतं. तरी सुरुवात मी हातापासूनच करते, कारण त्याला पैसा लागत नाही आणि दोष बहुतेकदा तिथेच निघतो.

हात. खरं म्हणजे हातानंतरचा टॉवेल

त्या माणच्या आजी. अकरा महिन्यांत तीन वेळा पेरिटोनायटिस, तिन्ही वेळा कोॲग्युलेज निगेटिव्ह. युनिटमध्ये दोनदा परत शिकवलं, दोन्ही वेळा पैकीच्या पैकी. शेवटी मी घरी गेले, खाटेवर बसले आणि म्हटलं, मी नाहीये असं समजा. आजींनी साबण लावला, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट, तोंडाने आकडे मोजत. टँकरचं पाणी असल्याने नळ नव्हता, नातू तांब्याने वरून धार धरत होता. सगळं अगदी शिकवल्यासारखं. मग आजी वळल्या, पदराला हात पुसले आणि पिशवीकडे गेल्या.

घरातल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं. साठ वर्षांची सवय, ती दिसत नाही. आजी तर "मी पुसलेच नाहीत" म्हणून माझ्याशी भांडल्या. युनिटमध्ये बेसिनशेजारी कागदी नॅपकिन असायचे, म्हणून तिथे चूक व्हायचीच नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: फडताळावर मोबाइल उभा करा आणि पूर्ण एक्स्चेंजचं, म्हणजे पिशवी बदलण्याचं, रेकॉर्डिंग करा. तीन दिवस, वेगवेगळ्या वेळचं. मग घरातल्या दुसऱ्या माणसासोबत बसून बघा, हात साबणाला लागल्यापासून कॅप बसेपर्यंत कशाकशाला लागला ते मोजत. फुकटची तपासणी आहे. चष्मा वर सारणं, केस मागे घेणं, मास्क नाकावर ओढणं, दाराची कडी. हात धुतल्यानंतर यातलं काहीही झालं तर परत धुवायचे.

टॉवेलवर एवढा जोर का, तर ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा सहज पसरतात. आणि मोरीत खुंटीवर लटकणारा सगळ्या घराचा पंचा हा हात धुण्याआधीच्या हातांपेक्षाही घाण असू शकतो. कागदी नॅपकिन परवडत नसतील तर जुन्या धोतराचे हातरुमालाएवढे तुकडे करा. उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून झाकणाच्या डब्यात ठेवा. एका एक्स्चेंजला एक तुकडा, वापरला की धुण्यात. आजींच्या घरी अजून हीच पद्धत आहे.

बांगड्यांचा विषय नाजूक असतो. चुडा उतरवा म्हटलं की बायका गप्प होतात आणि घरी गेल्यावर उतरवत नाहीत. मी उतरवा म्हणणं सोडून दिलं. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, वरून स्वच्छ फडकं घट्ट बांधायचं, आणि मग मनगटापर्यंत नीट धुवायचं. अंगठी मात्र काढायचीच. तिच्याखाली साबण पोचत नाही.

खोली, मास्क, फोन आणि मांजर

पंखा बंद, खिडकी-दार बंद, तोंडाला मास्क. मास्क पेशंटलाही आणि पिशवी लावणाऱ्यालाही, नाक झाकून. जोडणी उघडी असते ते काही सेकंदच, पण तेवढ्यात नळीचं टोक उघड्या जखमेसारखं असतं. झाडून काढल्यावर लगेच एक्स्चेंज करू नका, धूळ हवेतच असते.

फोन बाहेरच्या खोलीत. एक निवृत्त गुरुजी फोन वाजला की हातातलं सोडून उचलायचेच. शाळेत अंगात भिनलेलं ते वळण होतं बहुतेक, घंटा झाली की उठायचं. या नियमाला फक्त एकच सूट: रेकॉर्डिंगचा मोबाइल, तोही फ्लाइट मोडवर.

मांजरीवर लोक हसतात. पण मांजराने नळी किंवा पिशवी चावल्याने, ओरबाडल्याने होणारा पेरिटोनायटिस वैद्यकीय लिखाणात नोंदलेला आहे. पाश्चुरेला हा जंतू मांजर-कुत्र्याच्या तोंडात असतो. तो रिपोर्टमध्ये आला तर डॉक्टर पहिला प्रश्न मांजराबद्दलच विचारतात. रात्री मशीनवर असणाऱ्यांनी तर मांजर खोलीतच येऊ देऊ नये. उबदार पिशवीवर ते हटकून जाऊन झोपतं.

पिशवी गरम कशी करता?

हा प्रश्न विचारल्यावर निम्मी माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. बादलीत गरम पाणी, त्यात पिशवी. हिवाळ्यात हे फार चालतं. पाणी तोंडाशी, पोर्टच्या खाचेत अडकून राहतं, आणि जोडताना तेच आत जातं. बाहेरचं आवरण न काढता कोरड्या उष्णतेनेच गरम करायचं: वॉर्मर किंवा पिशवी गरम करायचं पॅड. मायक्रोवेव्हमध्ये एका जागी उकळतं, दुसऱ्या जागी गारच राहतं. ते नको.

उघडण्याआधी मुदत, रंग आणि गळती बघायची. आवरण काढून पिशवी दोन्ही हातांनी दाबा, थेंब दिसला तर ती बाजूला ठेवा आणि युनिटला कळवा. खोकी जमिनीवर, मोरीच्या भिंतीला लावून ठेवू नका. ओल येते, उंदीर येतात.

टोक खाली पडलं, हात लागला, जोडणी सुटली

घरोघरी होतं, माझ्यासमोरही झालंय. चूक होण्याने जेवढं बिघडत नाही तेवढं ती लपवल्याने बिघडतं. एका बाईंनी चार दिवस सांगितलं नाही, कारण सून ओरडली असती. चौथ्या दिवशी त्यांना ॲडमिट करावं लागलं.

असं झालं की पोटाच्या बाजूचा क्लॅम्प ताबडतोब बंद. त्या पिशवीचा एक थेंबही आत जाऊ द्यायचा नाही. नवी कॅप लावायची आणि फोन करायचा. क्लॅम्प बंद असताना टोकाला हात लागला असेल तर बहुधा ट्रान्सफर सेट, म्हणजे पोटातल्या नळीला जोडलेला बाहेरचा तुकडा, बदलून भागतं. क्लॅम्प उघडा असताना झालं, किंवा पाणी आत गेलं, तर सेट बदलण्यासोबत अँटिबायोटिकही द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. हे घरी दुरुस्त होत नाही. बीटाडीनमध्ये बुडवून परत जोडण्याचा उद्योग तर अजिबात नको.

एक्झिट साइट

रोज उजेडात बघायची, आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने. खपली बोटाने सोलायची नाही. तिच्याखालची नवी कातडी फाटते आणि जंतूंना आयतं दार मिळतं. युनिटने सांगितलेलं अँटिबायोटिक क्रीम रोज लावायचं, क्रीम म्हटलं असेल तर क्रीमच. काही प्रकारच्या नळ्यांचं प्लॅस्टिक ऑइंटमेंटने खराब होतं, म्हणून दुकानदाराने "तेच आहे हो" म्हटलं तरी घेऊ नका. हळद, तूप, पावडर, राख यातलं काहीही नाही. हळद लावलेली जागा इतकी पिवळी होते की खाली पू आहे का हेही मला दिसत नाही.

नळी पोटाला चिकटपट्टीने पक्की धरलेली हवी, लोंबकळती नको. साडीच्या निऱ्या, पँटचा पट्टा, रिक्षात बसताना बसणारा हिसका. दर हिसक्याला त्या जागी न दिसणारी भेग पडते. पू आला आणि मागे असं काही ओढल्याचं आठवत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आंघोळ अंगावर पाणी घेऊन, जागा झाकून, आणि नंतर लगेच कोरडी करून. टब नको, विहीर नको, नदी नको. पंढरपूरकडच्या पेशंटना आषाढीच्या आधी मी मुद्दाम फोन करते. चंद्रभागेत बुडी मारायची नाही, पाय बुडवून डोक्याला पाणी लावलं तरी चालतं. माऊलींना नळी माहीत आहे, असं एका बुवांना सांगितलं तेव्हा कुठे ते ऐकले.

पोट साफ आहे का

रिपोर्टमध्ये ई. कोलाय आलेला असेल तर इथे थांबून बघा. बद्धकोष्ठ असलं की आतड्यातले जंतू भिंतीतून पोटातल्या पाण्यात जाऊ शकतात. रोज एकदा तरी मऊ शौच व्हायला हवी. औषध डॉक्टरांकडून घ्या. घरचे काढे आणि फॉस्फेटचे एनिमा किडनीच्या पेशंटला चालत नाहीत.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी रक्ताच्या डायलिसिसवर असताना केळं, नारळपाणी, बटाटा बंद केलेला असतो. पोटाच्या डायलिसिसवर आल्यावरही ते बंदच राहतं, आणि पोटॅशियम खाली जातं. पोटॅशियम कमी झालं की आतडं मंदावतं, आणि अशा पेशंटमध्ये पेरिटोनायटिसचं प्रमाण जास्त दिसतं. पण हे वाचून केळं खायला घेऊ नका. आधी रक्ताचा रिपोर्ट, मग आहारतज्ज्ञ.

कोलोनोस्कोपी किंवा गर्भपिशवीची तपासणी ठरली असेल तर युनिटला आधी कळवा. त्यापूर्वी अँटिबायोटिक देतात आणि पोटातलं पाणी काढून ठेवायला सांगतात. दात काढायचा असेल तरी आधी विचारा.

ट्रान्सफर सेट, नाक आणि अर्धवट कोर्स

इथून पुढे युनिटमध्ये जावं लागतं. ट्रान्सफर सेट साधारण दर सहा महिन्यांनी बदलतात. कधी बदलला ते आठवत नसेल तर बहुधा उशीर झालाय. कॅप सैल बसते का, क्लॅम्पजवळ तडा आहे का, हे त्याच वेळी बघून घेतात. सेट घरी बदलायचा नाही.

स्टॅफ ऑरियस परत परत येत असेल तर नाकाचा स्वॅब मागा. पिशवी लावणारा मुलगा किंवा नवरा असेल तर त्याच्याही नाकाबद्दल विचारा. नाकात मलम लावायचं की नाही, किती दिवस, ते डॉक्टर सांगतील.

आणि कोर्स पूर्ण केला होता का, हे स्वतःला खरंखरं विचारा. उपचार बहुतेकदा पिशवीतूनच, दोन ते तीन आठवडे असतो. पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी साफ होतं, आणि शेतीचं काम, गाडीभाडं, घरचं लग्न यांत उरलेले डोस राहून जातात. तोच जंतू महिन्याभरात परत आला की मी आधी डोसांची वही मागते.

इथून पुढे घरचा हात नाही

वरचं सगळं नीट असूनही, उपचार संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला, तर त्याला रिलॅप्स म्हणतात. तेव्हा वाट बाहेर नसते. हौद उपसला तरी भिंतीला शेवाळ धरून राहतं, तसे जंतू नळीच्या आतल्या भिंतीला थर करून बसलेले असतात, आणि त्या थराखाली औषध पोचत नाही. बोगद्याची सोनोग्राफी, नळी बदलणं, हे निर्णय नेफ्रोलॉजिस्टचे. कल्चरमध्ये काहीच येत नाही आणि पाणीही साफ होत नाही, असं असेल तर आपल्याकडे टीबीची तपासणी सांगतात. ती टाळू नका.

योग्य औषध सुरू होऊन पाच दिवस झाले तरी पाणी गढूळच, तर नळी काढायची वेळ आली. बुरशी असेल तर पाच दिवसही थांबत नाहीत. इथे घरचे सगळ्यात जास्त अडतात. "अजून दोन दिवस औषध देऊन बघा ना डॉक्टर." मी कागद घेऊन बाजूला बसते आणि सांगते की नळी दुसरी मिळते, पोटाचं अस्तर दुसरं मिळत नाही. आणि उशिराने जीव गेलेले पेशंट मी बघितले आहेत.

नळी काढल्यावर मधल्या काळात रक्ताचं डायलिसिस करतात. नवी नळी बसवायची तर निदान दोन आठवडे जाऊ देतात, तेही पोट पूर्ण शांत झाल्यावर. सगळ्यांनाच परत बसवता येत नाही. आत चिकटलेलं असेल तर सर्जन नाही म्हणतात. इन्फेक्शन फक्त एक्झिट साइटपुरतं असेल आणि पाणी साफ असेल, तर जुनी काढून त्याच वेळी दुसरीकडे नवी बसवणं काही वेळा जमतं. म्हणून तिथला पू अंगावर काढू नका.

युनिटचा नंबर पिशव्यांच्या खोक्यावर जाड पेनने लिहून ठेवा. रात्री दोनला चष्मा सापडत नाही.